फुल्ली सिंथेटिक टाकू ना, मॅडम?

"फुल्ली सिंथेटिक टाकू ना, मॅडम?" हा प्रश्न आहे असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. गाडीचं इंजिन ऑइल बदलायला सर्व्हिस सेंटरला गेलं की सर्व्हिस ॲडव्हायझरच्या हातातल्या टॅबवर त्या ओळीपुढे आधीच टिक झालेली असते. आपण फक्त मान हलवायची. मी विचारलं, कुठलं सिंथेटिक? "कंपनीचंच, मॅडम." ग्रेड कोणती? "तेच, सिंथेटिकवालं." आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, "सर नाही आले आज?"

सर घरी आहेत. सरांना बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो हेही माहीत नाही. गाडी माझी, हप्ते माझे, आणि ऑइलचं मात्र सरांना विचारायचं!

बरं, या सगळ्या नाटकाची गरज काय? मॅन्युअलमध्ये दीड ओळीत उत्तर छापलेलं आहे. माझ्या साध्या पेट्रोल हॅचबॅकला ०डब्ल्यू-२० ग्रेडचं, एपीआय एसएन किंवा त्याच्या वरच्या दर्जाचं ऑइल लागतं. ग्रेड म्हणजे ऑइल किती पातळ ते, पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा; आणि एपीआय म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था. विषय संपला. आता गंमत बघा. ०डब्ल्यू-२० इतकं पातळ आणि थंडीतही वाहतं राहणारं ऑइल साध्या मिनरल बेसपासून, म्हणजे कच्च्या तेलातून नेहमीच्या पद्धतीने शुद्ध केलेल्या मूळ तेलापासून, व्यवहारात बनतच नाही. म्हणजे ही ग्रेड घेतली की ते सिंथेटिकच्या नावाखालीच येणार, दुसरा पर्याय नाही. आणि हा माणूस मला तेच "अपग्रेड" म्हणून विकतोय, वर ज्यादा पैशांची ओळ! गाडीला मुळातच जे लागतं ते घालायचं, आणि उपकार केल्यासारखा चेहरा करायचा. त्याच टॅबवर खाली इंजिन फ्लश, ऑइल ट्रीटमेंट, इंजेक्टर क्लीनर यांच्यापुढेही टिक होती. मी एकेक काढायला लावली तर प्रत्येक टिकेला तो असा उसासा सोडत होता की जणू मीच त्याच्या पगारातून कापून घेतेय.

मग ठरवलं, ऑइल आपणच आणायचं आणि ओळखीच्या मेकॅनिककडून बदलून घ्यायचं. नाना पेठेत गेले. तिथे स्पेअर पार्टची इतकी दुकानं आहेत की म्हटलं, काम दहा मिनिटांत होईल. पहिल्या दुकानात "०डब्ल्यू-२० द्या" म्हटलं, तर समोर आलं ५डब्ल्यू-३०. "हेच घ्या, सगळ्या गाड्यांना चालतं." दुसऱ्या दुकानात विचारलं गेलं, "बजेट किती आहे?" औषधाच्या दुकानात जाऊन "काहीतरी चांगलंसं द्या" म्हणावं, तसा हा व्यवहार चालतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि ते डबे! पुढच्या बाजूला बर्फाचे डोंगर, सुसाट पळणारी लाल गाडी, "अल्टिमेट", "सुप्रीम", "अ‍ॅडव्हान्स्ड मॉलिक्यूल". मला हवी ती माहिती मागच्या बाजूला, चांदीच्या पट्टीवर राखाडी अक्षरांत, तांदळाच्या दाण्याहून बारीक. मी मोबाइलने फोटो काढून, मोठा करून वाचला. त्या डब्यावर एपीआय एसएल लिहिलं होतं. एसएल हा २००१ सालचा दर्जा. त्यानंतर एसएम आला, २०१० मध्ये एसएन, मे २०२० मध्ये एसपी, आणि मार्च २०२५ पासून एसक्यूसुद्धा. पाव शतकापूर्वीचा दर्जा आजच्या गाडीला "एकदम बेस्ट" म्हणून द्यायचा, वर "फ्रेश स्टॉक आहे ताई" असंही म्हणायचं.

साध्या इंजिनाचं एकवेळ निभावेल. पण ज्यांच्याकडे छोटं टर्बो-पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवालं इंजिन आहे त्यांचं काय? अशा इंजिनात कमी वेगात जास्त जोर दिला की कधीकधी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनला इजा होते. ऑइलमधल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटचा त्यात हात असतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये कॅल्शियमचा काही भाग काढून मॅग्नेशियम आणलं, आणि मिश्रण असं आधीच पेटत नाही ना याची चाचणी आधी एसएन प्लस या मधल्या दर्जात आणि मग एसपीमध्ये घातली. टर्बोवाल्या माणसाला काउंटरवर सांगायलाच हवी अशी एकच गोष्ट असेल तर ती ही. सांगतं कोण? त्याला विचारतात बजेट.

सिंथेटिक म्हणजे तरी काय, यावरही थोडं बोलू, कारण पैसे त्याचेच घेतात ना. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचं यावरून वाजलं. मोबिलचं म्हणणं, पीएओ म्हणजे रासायनिक प्रक्रियेने रेणू जोडून घडवलेलं बेस ऑइल असेल तरच सिंथेटिक म्हणा. कॅस्ट्रॉल कच्च्या तेलातून आलेलं, पण हायड्रोक्रॅकिंग करून अतिशय शुद्ध केलेलं बेस ऑइल वापरत होतं. त्याला ग्रुप ३ म्हणतात. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, आणि तेव्हापासून ग्रुप ३ उजळ माथ्याने सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ग्रुप ३ वाईट नसतं, चांगलंच असतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला तेवढं पुरून उरतं. माझं म्हणणं एवढंच की डब्यात काय आहे ते लिहा ना! "सेमी-सिंथेटिक" म्हणता, त्यात सिंथेटिक किती? दहा टक्के की पन्नास? लिहिलेलं नसतं. "सिंथेटिक टेक्नॉलॉजी" म्हणता, म्हणजे नक्की काय? बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापावं लागतं, आणि हजारो रुपयांच्या डब्यावर नुसता बर्फाचा डोंगर.

तसंच ते "सुटेबल फॉर" प्रकरण. जर्मन गाड्यावाल्यांना हे नीट माहीत असतं, कारण त्यांच्या मॅन्युअलमध्ये ५०२.००, ५०८.०० असे ऑइलच्या मंजुरीचे क्रमांक असतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ऑइल तपासून लेखी मंजुरी दिलेली असणं वेगळं, आणि ऑइलवाल्याने स्वतःच "या गाड्यांसाठी योग्य" म्हणणं वेगळं. डब्यावर दोन्ही एकाच यादीत, एकाच टायपात. ओळखा पाहू!

आता घरचे तज्ज्ञ. नागपूरच्या मामांना फोनवर बोलता बोलता सहज सांगितलं, तर पलीकडून भडका. "काय पोरी, ते शून्यवालं पातळ ऑइल कायले टाकून राहिली? इकडं पारा पंचेचाळीसवर जाते. पाणी होते त्याचं पाणी! वीस-पन्नास टाक, डोळे मिटून." मामांनी तीस वर्षं जीप चालवली, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण मामा, बाहेर पंचेचाळीस असो नाही तर महाबळेश्वरचा गारठा, चालत्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपासच असतं. ०डब्ल्यू-२० मधला तो वीसचा आकडा त्या शंभर अंशांवरच मोजलेला असतो. उलट चाळीस अंशांना तेच ऑइल गरम इंजिनातल्यापेक्षा पाचेक पट जाड असतं. म्हणजे मे महिन्यातल्या भर दुपारी सुद्धा नागपुरात गाडी सुरू करता तेव्हा इंजिनाच्या दृष्टीने ती थंडच असते. त्या वेळी वीस-पन्नास, म्हणजे २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल, घातलेलं असेल तर ते वरपर्यंत चढायला आणखी वेळ घेणार. शिवाय हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं, त्यासाठी बारीक बारीक वाटा असतात. त्यातून जीपचं ऑइल फिरवायचं?

मामांच्या बोलण्यात तथ्य नाहीच असं मी म्हणणार नाही. इतक्या पातळ ऑइलमागे मायलेजचे सरकारी नियम आहेत हे खरंच आहे, आणि काही मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० चालेल असंही दिलेलं असतं. तसं दिलेलं असेल तर खुशाल टाका. पण ते मॅन्युअलने म्हटलं म्हणून, "सगळ्यांना चालतं" म्हणून नाही. आणि तो पहिला आकडा, ज्याच्या जिवावर ते बर्फाचे डोंगर छापतात? ०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. कोथरूडमध्ये उणे ३५ झालं तर ऑइलचा प्रश्न राहणारच नाही.

शेवटी डबा मिळाला, गाडी मेकॅनिककडे गेली. तिथे वेगळाच संप्रदाय. त्याने गेज काडी ओढली, बोटावर ऑइलचा थेंब घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि निकाल दिला, "काळं पडलंय. यात दम राहिला नाही." अरे बाबा, काळं पडणं हे त्याचं कामच आहे! इंजिनातली काजळी आणि घाण धरून ठेवायला डिटर्जंट घातलेलं असतं, ते काम करतंय म्हणून काळं दिसतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल बघता बघता शाईसारखं होतं. दम गेला की नाही हे बोटाला कळत असतं तर प्रयोगशाळा कशाला काढल्या असत्या लोकांनी?

आणि किती किलोमीटरला बदलायचं यावर एकमत? नाव काढू नका. एक म्हणतो, सिंथेटिक आहे, पंधरा हजारपर्यंत बघायचंच नाही. दुसरा म्हणतो, काहीही टाका, पाच हजारला काढाच. मॅन्युअल म्हणतं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, गाडी कठीण परिस्थितीत चालत असेल तर त्याआधी. कठीण परिस्थिती म्हणजे वाळवंट नव्हे. जवळची फेरी, सतत ट्रॅफिक, धूळ. म्हणजे कर्वे रोड! इंजिन धड तापायच्या आत घर येतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओलावा उतरतो आणि तिथेच राहतो. किलोमीटर कमी झाले म्हणून ऑइल ताजं राहत नाही. हे ना पोस्टरवर असतं, ना तो टॅबवाला सांगतो.

मेकॅनिकने जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत डबा जवळजवळ उपडा केला. "अहो, किती ओतताय?" "थोडं जास्त असलेलं बरं, ताई." काडी पुसून पुन्हा घातली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही पुढे चांगलं बोटभर! जास्त असलेलं बरं नसतं हो. पातळी फार वर गेली तर क्रँकशाफ्ट ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. परत ड्रेन बोल्ट सैल करायला लावला, काडी खुणेवर येईपर्यंत हलले नाही. त्याच्या चेहऱ्यावर "कुठून आली ही बया" स्पष्ट दिसत होतं. दिसू दे.

रिकाम्या डब्यांचं अजून एक. बनावट ऑइल भरायला हेच मूळ डबे वापरले जातात, म्हणून संपलेल्या डब्याला भोक पाडून टाकावा असं सगळे सांगतात. म्हणजे ग्रेड मी शोधायची, बारीक अक्षरं मी वाचायची, काडी मी तपासायची, आणि शेवटी खिळा-हातोडी घेऊन पोलिसांचं कामही मीच करायचं.

माझा डबा मात्र पूर्ण संपला नाही. गाडीला लागतं तीन लिटरच्या थोडं वर. तीनचा डबा पुरत नव्हता, साडेतीनचा नव्हता, म्हणून तीन अधिक एक असे दोन घ्यायला लावले. आता एक लिटरच्या डब्यात थोडंसं उरलंय. काल दीर आले होते. बाल्कनीत तो डबा बघितला आणि डोळे चमकले. "वहिनी, हे बुलेटमध्ये टाकू का?" मी सांगितलं, अहो नाही, बुलेटचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. गाडीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरायला लागेल. शिवाय तिला १५डब्ल्यू-५० लागतं, डब्यावर जासो एमए, म्हणजे असा ऑइलमध्ये बुडालेला क्लच चालतो हे सांगणारा जपानी दर्जा, लिहिलेलं बघून घ्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग डबा हातात घेऊन, पुढच्या बाजूचा बर्फाचा डोंगर निरखत म्हणाले, "पण हे फुल्ली सिंथेटिक आहे ना? मग चांगलंच असेल की."