ओंडके आणि सुट्टे पैसे

परवा सदाशिव पेठेतल्या आमच्या सुगम संगीताच्या क्लासात एका मुलाने वडिलांवर लिहिलेलं गाणं आणलं. चाल त्याचीच, गोड होती. मुखड्यात ‘काळजाचे कोंदण’, ‘आठवांचे मोती’. मात्रा चोख, यमक चोख. पण गाणं संपलं आणि माझ्या मनात एकही शब्द उरला नाही.

त्याला विचारलं, "बाबा घरी आलेत हे तुला आधी कशावरून कळायचं?"

"ते बसवर कंडक्टर होते. जिन्यात खिशातले सुट्टे पैसे वाजायचे."

"मग हेच का नाही लिहिलंस?"

"मॅडम, सुट्टे पैसे गाण्यात कसे येतील?"

येतील! चांगला गीतकार मला इथेच ओळखू येतो. कोंदण आणि मोती कुणाच्याही बाबांना लावा, चालतात. जिन्यातला तो आवाज एकाच घरचा असतो.

‘गीतरामायण’ घ्या. १९५५-५६ साली आपल्या पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडे एकेक नवं गाणं येत होतं. गदिमांची, म्हणजे ग. दि. माडगूळकरांची, अशी ५६ गाणी, चाली बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या. भरताची समजूत घालताना राम जो दाखला देतो, तो मुळात वाल्मीकींचा: महासागरात लाकडाला लाकूड भेटतं आणि पुन्हा दूर जातं. संस्कृतात तिथे ‘काष्ठ’ आहे. गदिमांनी ‘ओंडका’ घेतला. वखारीतला शब्द, आणि तो थेट प्रभू रामचंद्रांच्या तोंडी! काष्ठ म्हटलं की मला पोथी आठवते. ओंडका म्हटलं की पाण्यात अर्धा बुडालेला, ओला, जड असा डोळ्यांसमोर येतो. शिवाय ‘ओं’वर गळा कसा मोकळा होतो, गाऊन बघा.

म्हणून मी मुलांना ओळ आधी चालीशिवाय मोठ्याने म्हणायला लावते. बोलताना जी ओळ परकी वाटते, ती सुरात घातली म्हणून आपली होत नाही. आणि लांबवायच्या सुरावर अवघड जोडाक्षर आलं, की भल्याभल्या गायकाची दमछाक होते.

गुरुवारी तो मुलगा पुन्हा आला. नवा मुखडा: ‘जिन्यात वाजले सुट्टे पैसे, बाबा आले घरी’. ‘सुट्टे’ बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. दुसऱ्या अंतऱ्यात त्याचा आवाज भरून आला, तो थांबला. कुणी काही बोललं नाही. तो पुन्हा गायला लागेपर्यंत मी पेटीवर सा धरून ठेवला.