अबोल पोरांनी कोडिंग करायचं आणि बोलक्यांनी लॉ, हे कुणी ठरवलं?

सेकंड पीयूचा, म्हणजे बारावीचा, रिझल्ट जवळ आला की आमच्याकडं बेळगावात एक फॉरवर्ड फिरायला लागतो, शहापूर-टिळकवाडीपासून खानापूर-निपाणीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर. एक टेस्ट द्यायची, चार अक्षरांचा रिझल्ट येतो आणि खाली तक्ता: अबोल असाल तर कॉम्प्युटर सायन्स नाहीतर सीए, बोलके असाल तर लॉ नाहीतर एमबीए, हळवे असाल तर नर्सिंग, स्वप्नाळू असाल तर आर्ट्स. वर असंही लिहिलंय की जुळणारी डिग्री घेतली की अभ्यास आपोआप होतो आणि चुकीची घेतली की आयुष्य वाया. मी ट्यूशन घेते, आईबाप या तक्त्यावरून सीट ठरवायला निघालेत म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

पहिलं ती टेस्ट. ही जिची नक्कल आहे ती मूळ मायर्स-ब्रिग्ज टेस्ट कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांवरून १९४० च्या दशकात बेतली, माणसांचे १६ प्रकार, प्रत्येकाची चार अक्षरं. अडचण अशी की बहुतेक माणसं अबोल-बोलकं अशा जोडीत मधेच कुठंतरी असतात, ५१ टक्के इकडं आणि ४९ तिकडं, तरी टेस्ट त्यांना एका कप्प्यात टाकते, म्हणून काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. आता अक्षर बदललं म्हणून डिग्री पण बदलायची का? ज्यांची ती टेस्ट आहे ते स्वतःच सांगतात की नोकरीला माणूस निवडायला ही वापरू नका. आणि फॉरवर्डमधली फुकटची लिंक म्हणजे तर ती टेस्ट पण नव्हे.

मग स्वभावाचा आणि शाखेचा काहीच संबंध नाही का, तर तसं पण नाही. डेन्मार्कच्या अ‍ॅना व्हेडेल यांनी २०१६ मध्ये आधीचे १२ अभ्यास एकत्र तपासले, त्यात आर्ट्स आणि सायकॉलॉजीवाले नव्या कल्पनांना जास्त मोकळे, लॉ आणि इकॉनॉमिक्सवाले जास्त बोलके असं दिसलं. पण ही सगळी सरासरी. सरासरीवरून आपल्या घरातलं पोर कुठं बसेल ते कळत नाही, प्रत्येक वर्गात सगळ्या स्वभावाची पोरं असतातच की.

अबोल माणसानं लॉला जाऊ नये हा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. वकिली म्हणजे कोर्टात मोठ्यानं बोलणं, हे लोकांना सिनेमातून वाटतं. दिवाणी वकिलाचं बरंचसं काम टेबलावर असतं: जमिनीचे उतारे बघायचे, खरेदीखत ओळ न ओळ वाचायचं, कुणाचं नाव कधी चढलं आणि कुठल्या वाटणीत गेलं ते जुळवायचं, मग दावा लिहायचा. आपल्याकडं तर आणखी एक, बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं जुनी कागदं मराठीत, काही मोडी लिपीत पण सापडतात, आणि आजचं कामकाज कन्नड-इंग्लिशमध्ये. माझ्याकडं खानापूर बाजूची एक पोरगी यायची, वर्गात तोंड उघडायची नाही, पण आजोबांचं जुनं खरेदीखत घेऊन आली आणि चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, वाचून सांगितलं की पूर्वेकडची वहिवाट नंतरच्या कागदात गायब आहे. घरातल्या मोठ्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं. या पोरीला तक्ता सांगतो, कोडिंग कर.

बोलक्यांचं तसंच. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये दिवसभर माणसांशी बोलूनच काम काढून घ्यावं लागतं. ज्या पोराला पंप उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही त्याला नुसता बोलका आहे म्हणून मेकॅनिकल सोडायला लावू नका.

अभ्यास आपोआप होतो, हे तर साफ खोटं. कॉलेजच्या मार्कांशी स्वभावातली कुठली गोष्ट सगळ्यात जास्त जुळते यावर भरपूर संशोधन झालंय आणि उत्तर येतं नेट, म्हणजे रोज बसून काम पुरं करायची सवय. व्हीटीयूच्या (कर्नाटकातली इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी) फर्स्ट इयरला फिजिक्स सायकल, केमिस्ट्री सायकल (एकेका सेमचा विषयांचा गट), मॅथ्स सगळ्यांनाच आहे, आवडीची ब्रँच मिळाली तरी ते सुटत नाही.

आवड बघायचीच, ती नक्की महत्त्वाची, पण नावाची नव्हे, रोजच्या कामाची. सायकॉलॉजी आवडते म्हणणाऱ्यांनी त्यातलं स्टॅटिस्टिक्स बघितलंय का? व्हीटीयूचा किंवा राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीचा सिलॅबस काढा, तिसऱ्या-चौथ्या सेमच्या प्रश्नपत्रिका वाचा, त्या कोर्सच्या पोरांना गाठून विचारा की मंगळवारी दिवसभर काय करता. वाचून कंटाळा आला की उत्साह वाढला, ते पोराला स्वतःलाच कळतं.

आणि ज्यावर आपल्याकडं खरं अडतं ते फॉरवर्डमध्ये नाहीच. पीयूला आर्ट्स-कॉमर्स घेतलं तर इंजिनिअरिंगची सीईटी नाही. केसीईटीला, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीला, साधारणपणे राज्यात सात वर्षं शिकल्याची अट लागते, महाराष्ट्रात चंदगडला मामाकडं राहून शिकलेल्या पोरांनी आपण कुठल्या कलमात बसतो ते आधीच बघून ठेवावं. उलट महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या पोरांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिथली सीईटी वेळेत भरलेली पाहिजे. कित्येक घरात हे जूनमध्ये कळतं.

राहिलं आयुष्य वाया जाण्याचं. कर्नाटकात २०२४-२५ पासून साधी पदवी परत तीन वर्षांची झालीय आणि बीए, बीकॉम, बीएस्सी काहीही केलेलं असलं तरी मार्कांची अट पुरी केली की पुढं तीन वर्षांचा लॉ करता येतो, एमबीएला जाता येतं. बीकॉम घेऊन वर्षभरात आपला जीव दुसरीकडं आहे असं कळलं तर ती डिग्री पुरी करा आणि जिथं एंट्रन्स लागते तिथं शेवटच्या वर्षी तिचा फॉर्म भरा.