टोचनच्या गाडीला गिअर किती, हे नंतर बघा. पहिला गिअर केवढा, ते आधी बघा

गेला महिनाभर एकच मेसेज निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर फिरतोय. सोबत अमेरिकेतल्या एका जुन्या शेवरोले पिकअपचा फोटो आहे. मजकूर थोडक्यात असा: "जुन्या ट्रकनं टोचन करायचं असेल तर जुना चार गिअरचा बॉक्स काढा आणि ओव्हरड्राइव्हचा पाच गिअरचा टी-५ सारखा बॉक्स बसवा. गिअर वाढले की ओढ वाढते. पाचव्यात डिझेल वाचतं. सिंक्रो असल्यामुळं बॉक्स मजबूत असतो. उतारावर न्यूट्रल केलं की इंजिनला आराम मिळतो."

आमच्या घरी वडिलांच्या वेळचा टाटा-मर्सिडीज आहे, मागं क्रेन बसवलेला. टाटा आणि डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ चालला, त्या काळातली ही गाडी. हंगामात चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि एरवी हायवेवर बंद पडलेले ट्रक, हेच तिचं काम. हा मेसेज वाचून कोणी चांगल्या गाडीचा बॉक्स उतरवू नये, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य: गिअर वाढले की ओढ वाढते. गिअरच्या संख्येचा ओढीशी थेट संबंध नाही. इंजिनाचा जोर गिअरच्या रेशोनं (म्हणजे बॉक्सबाहेरच्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या लागतात, त्या आकड्यानं) आणि मग क्राउन-पिनियनच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या गिअरांच्या, रेशोनं गुणला जातो, आणि तेवढाच चाकाला मिळतो. मेसेजमधल्या फोटोसारख्या शेवरोले ट्रकांत १९४७ पासून एसएम-४२० नावाचा चार गिअरचा बॉक्स येत होता. त्याचा पहिला गिअर ७.०५ चा. टी-५ मुळात कार आणि हलक्या पिकअपसाठी केलेला बॉक्स. मस्टँगमध्ये आलेल्या टी-५ चा पहिला गिअर ३.३५ चा होता. म्हणजे इंजिन तेच, क्राउन तोच, पण पाच गिअरच्या बॉक्समध्ये गाडी उठवायची ताकद निम्म्याहूनही कमी.

हा फरक रस्त्यावर कसा दिसतो? क्राउनचा रेशो ५ धरा, टायर ९.००-२० चे धरा आणि इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आयडल आहे असं धरा. ७.०५ च्या पहिल्या गिअरमध्ये ट्रक ताशी साधारण ३.२ किलोमीटरनं सरकतो, क्लिनर बाजूनं चालत दगड लावू शकेल इतका सावकाश. ३.३५ च्या गिअरमध्ये तोच वेग ६.७ होतो. मागं भरलेला ट्रक असेल तर एकदम तेवढा वेग घेता येत नाही, मग ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून धरतो. ओळखीच्या एका मालकानं आपल्या टोचनच्या गाडीला असा हलका बॉक्स लावला होता. वंटमुरी घाटाच्या चढाला थांबून परत उठायची वेळ आली आणि त्याच्या ड्रायव्हरचा फोन आला, "अण्णा, गाडी उठत नाही, क्लचचा वास येतोय." प्लेट जळाली, प्रेशर प्लेट निळी पडली. बॉक्सच्या बदलात वाचवायचं म्हटलेलं डिझेल त्या एका खर्चात कितीतरी पट गेलं.

दुसरं वाक्य पाचव्या गिअरचं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे ज्याचा रेशो १ पेक्षा कमी. तो ०.७३ असेल तर चाकावरचा जोर सरळ गिअरच्या मानानं २७ टक्के कमी होतो. रिकाम्या गाडीला चालतं, मागं ओझं असताना नाही. जुन्या बॉक्समध्ये टॉप गिअर १ चा असतो, त्यात इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि चाकांकडं जाणारा मेनशाफ्ट सरळ जोडले जातात आणि खालच्या काउंटर शाफ्टच्या दातांवर ओझं येत नाही. ओव्हरड्राइव्हमध्ये सगळा भार त्या दातांतून जातो, तेल तापतं. शिवाय गाडी चालवण्याच्या २०१७ च्या सरकारी नियमांत बंद पडलेली गाडी टोचन करून नेताना ताशी २५ किलोमीटरच्या पुढे जायला मनाई आहे. त्या वेगाला पाचवा गिअर पडतो तरी कुठं?

ओव्हरड्राइव्ह हवाच असेल तर अमेरिकेत त्यासाठी एनव्ही-४५०० सारखे जड बॉक्स होते, पहिला ५.६१ आणि पाचवा ०.७३. पण त्याचं वजन ऐंशी किलोंच्या पुढं, टी-५ चं पस्तीसच्या आतबाहेर. हा वजनातला फरक दात, बेअरिंग आणि हाउसिंगचा आहे.

मजबुतीचं वाक्य त्यामुळंच खोटं ठरतं. सिंक्रोची पितळी रिंग गिअर आवाज न करता पाडायला असते, भार तिच्यावर नसतो. एसएम-४२० च्या पहिल्या गिअरला सिंक्रोच नाही, तरी त्यानं वर्षानुवर्षं ट्रक ओढले. डबल क्लच मारायला, म्हणजे गिअर बदलताना मध्ये न्यूट्रल करून दोनदा क्लच दाबायला, आठवडाभर शिकावं लागतं, इतकंच.

चौथं वाक्य सगळ्यात धोक्याचं. कणकुंबी सोडून चोर्ला घाटात गोव्याकडं उतरताना कोणी टोचन लावून न्यूट्रल करत असेल तर मला त्याची खरंच भीती वाटते. जुन्या डिझेल इंजिनाच्या लाइन पंपाचा (डिझेल पंपाचा) गव्हर्नर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा भाग, गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल तोडतो. म्हणजे उतारावर गिअरमध्ये डिझेल जवळपास लागतच नाही, न्यूट्रलमध्ये आयडलसाठी लागतं. आराम मिळतो म्हणतात, पण त्यात मिळतं काय? जुने ड्रम ब्रेक सतत दाबून तापले की धरत नाहीत. त्यातून मागच्या गाडीचं इंजिन बंद असल्यानं तिच्या ब्रेकला जोर देणारा सर्व्होही चालत नाही, तिचं ओझं आपल्याच ब्रेकवर येतं. जो गिअर चढाला लागला असता तोच उताराला, आणि तो वर उभं असतानाच टाकायचा. घाटात मध्येच खाली आणायला गेलं तर बिनसिंक्रोचा गिअर पडेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाहीच. क्रेनचा विंच, म्हणजे दोर गुंडाळणारा रहाट, पीटीओवर (इंजिनाचा जोर बाहेर काढून देणाऱ्या जोडणीवर) चालतो आणि पीटीओ गिअरबॉक्सच्या बाजूच्या तोंडावर बसतो. कारच्या बॉक्सला ते तोंड नसतं. बॉक्स बदलला की क्रेन लोखंडाचा सांगाडा होऊन उभी राहते.

बदलायचाच असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रीमामांना विचारण्याआधी आपल्या गाडीचा पहिला गिअर मोजा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, जॅकवर भरवसा न ठेवता खाली ठोकळे द्या. डिझेल बंद करा, कॉम्प्रेशन जाण्यासाठी नोझल काढा, प्रोपेलर शाफ्टवर (बॉक्समधून मागच्या अॅक्सलकडं जाणाऱ्या दांड्यावर) खडूनं खूण करा. पहिला गिअर टाकून क्रँक पुली हातानं फिरवा आणि शाफ्टची एक फेरी पुरी होईपर्यंत पुलीच्या फेऱ्या मोजा. सहा-सातच्या आसपास आल्या तर तो बॉक्स उतरवू नका, बेअरिंग आणि सील बदलून परत चढवा.