पार्किंगचं नंतर बघू

तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली म्हणे! अभिनंदन. फक्त एक कळकळीची विनंती: पार्किंगचा विषय इतक्यात काढू नका. हॉलला फरशी कुठली, लॉबीतला गणपती कुठल्या भिंतीला, गच्चीवरचा जॉगिंग ट्रॅक किती फुटी, हे आधी चार-सहा मीटिंगांत नीट भांडून ठरवा. मोटारी ही बिल्डिंग उभी राहिल्यावर बघायची गोष्ट. उरलेल्या जागेत गाड्या वर-खाली रचणारं मशीन बसतंच. ब्रोशरवर ‘फुल्ली ऑटोमेटेड पार्किंग’ छापलं की डिझाइन झालं.

एखादा उत्साही आर्किटेक्ट पहिल्याच बैठकीत म्हणेल, ‘पार्किंगची सिस्टीम आधी ठरवू, म्हणजे कॉलम त्याप्रमाणे टाकता येतील.’ त्याला चहा पाजा आणि दुसरा आर्किटेक्ट शोधा. कॉलम वरच्या बेडरूमच्या भिंती बघून पडतात, ही आपली परंपरा आहे. दोन कॉलमांमध्ये पॅलेट, म्हणजे गाडी उभी राहते तो लोखंडी ट्रे, दोन इंचांनी बसत नसेल तर मशीनवाला करेल काहीतरी जुगाड. बीमखाली उंची कमी पडली, तर तो स्लॉट ‘फक्त सेडानसाठी’ म्हणून जाहीर करा. स्विफ्टची उंची दीड मीटरच्या आसपास आणि स्कॉर्पिओ-एनची १,८५७ मिलिमीटर, हा फरक पझेशननंतर आपोआप समजतो. फॉर्च्युनर दोन टनांना टेकते आणि बऱ्याच पॅलेट दोन टनांच्याच असतात. हे फॉर्च्युनरवाल्याला सांगायचं काम वॉचमनचं.

पझल पार्किंग, म्हणजे पॅलेट आडवे-उभे सरकवून गाडी बाहेर काढणारी सिस्टीम, घेणार असाल तर गणिताच्या फार नादी लागू नका. तीन मजले, प्रत्येकावर तीन स्लॉट, म्हणजे पोरही सांगेल की गाड्या नऊ. राहतात सात. वरची गाडी खाली उतरायची तर तिच्या खालच्यांना बाजूला सरकावं लागतं, आणि सरकायला सगळ्यात वरचा मजला सोडून प्रत्येक मजल्यावर एक स्लॉट रिकामा लागतो. पण अलॉटमेंटची लेटरं नऊच वाटा. उरलेले दोघं एकमेकांशी भांडतील, कमिटीशी नाही. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये बजावलंय की पार्किंगची जागा, लांबी, रुंदी, उंची, सगळं करारात लिहा, कारण बीम आडवा येऊन गाडीच लागत नाही अशा तक्रारी त्यांच्याकडे गेल्या होत्या. लिहा की! कागदावर बीम कुणाला लागलाय?

टॉवर पार्किंगची तर शानच वेगळी. मुंबईत भुलाभाई देसाई रस्त्यावर २०२१ पासून २१ मजली टॉवर आहे, २४० गाड्यांचा; त्याचा फोटो ब्रोशरमध्ये टाका. आपल्याकडे मात्र लिफ्ट एकच ठेवा, खर्च वाचतो. एक गाडी खाली यायला दोन मिनिटं लागली आणि सकाळी साडेआठला ४० जण निघाले, तर शेवटच्याची गाडी दहाला दहा कमी असताना येते. तेवढ्यात चौथ्याच्या लक्षात येतं की पोराची डब्याची पिशवी घरीच राहिली. तो वर पळतो, गाडी केबिनच्या तोंडाशी उभी, पॅनेलवर लाल दिवा, ऑपरेटर बोट बटणावर ठेवून शांत, आणि मागचे छत्तीस जण एकमेकांच्या ऑफिसातल्या पंचिंगच्या वेळा समजून घेतात. शेजारधर्म वाढतो तो असा. संध्याकाळी आत जाणाऱ्या गाड्यांना थांबायला आवारात जागा सोडायची गरज नाही. गेटबाहेर महापालिकेने रस्ता कशासाठी केलाय?

खालच्या पॅलेटसाठी जमिनीत पिट खणायचाच असेल तर पंप आणि सम्पची (पाणी गोळा करायच्या खड्ड्याची) चैन नको. जुलै २०२१ मध्ये कांदिवलीच्या ठाकूर कॉम्प्लेक्समधल्या भूमिगत वाहनतळात पाणी शिरून ४०० च्या आसपास गाड्या बुडाल्या, पण तो तर महापालिकेचा होता. आपला खड्डा खासगी आहे, पाणी विचारून येईल. जनरेटरवर माणसांची लिफ्ट आणि जिन्याचे दिवे घ्या. लाइट गेल्यावर सातव्या थरावरची गाडी कुणाला लागते? (ॲम्ब्युलन्स बाहेरून येते.) स्प्रिंकलरची पाइपलाइन मशीन बसल्यावर टाका, म्हणजे पॅलेटच्या वाटेत नेमकी कुठे येते ते सगळ्यांना बघायला मिळेल.

राहता राहिला मेंटेनन्स. पहिलं वर्ष बिल्डरचं, पुढे एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, आपली. तो आकडा एजीएमच्या आधी फोडू नका आणि सगळ्यांना सारखा वाटून टाका, गाडी असो वा नसो. पहिल्या मजल्यावरच्या काकू उठतील, म्हणतील, ‘माझ्याकडे सायकलपण नाही, मग माझ्या स्लॉटवर मी पापड वाळत घालू का?’ खुशाल घालू द्या. सगळ्यात वरच्या पॅलेटवर ऊन झकास येतं. फक्त पापड काढायला पॅलेट सकाळी साडेआठला खाली मागवू नका म्हणावं.