सुटलेला कैदी परत आत कसा पाठवावा

लॉस एंजेलिसच्या आमच्या उपनगरात, कॉलनीच्या मागच्या गल्लीत, तुरुंगातून सुटलेल्या सहा जणांसाठी एक घर उघडायचा प्रस्ताव आला. तासाभरात व्हॉट्सअॅप ग्रुपवर विरोधाची याचिका फिरली. सह्यांमध्ये आपली मराठी आडनावं आघाडीवर. मी एवढंच लिहिलं की "आधी माहिती तर घेऊया", तर उत्तर आलं, "तुम्हाला मुली नाहीत म्हणून सुचतंय हे." बरं. सुटलेला माणूस परत आत गेलाच पाहिजे अशी सगळ्यांची इच्छा असेल, तर ते काम अर्धवट नको. घ्या काही उपाय.

आत असताना त्याला शिकू देऊ नका. 1994 च्या कायद्याने कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे कॉलेजच्या शिक्षणासाठीची सरकारी मदत, बंद केली, ती परत सुरू व्हायला 2023 उजाडलं. मधल्या काळात पैसे वाचले म्हणतात. कुणाचे, ते विचारू नका.

घरच्यांशी फोनवर बोलणं महाग ठेवा. कॅलिफोर्नियाने 2023 पासून राज्याच्या तुरुंगांत फोन फुकट केले, ही ढिलाई झाली.

सुटताना हातात 200 डॉलर टेकवा. हा आकडा 1973 चा आहे, त्याला हात लावू नका. एवढ्यात मोटेलच्या दोन रात्री निघतात. तिसऱ्या रात्री त्याने काय करायचं, हा त्याच्या चारित्र्याचा प्रश्न.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याकडून काम मात्र करून घ्या. जानेवारी 2025 चे वणवे आठवतात ना? गाड्यांच्या काचांवर राख, मुलांच्या तोंडाला मास्क, बॅगा दारात भरून ठेवलेल्या. तेव्हा डोंगरावर कुऱ्हाडी आणि करवती घेऊन झुडपं तोडत, आगीची वाट अडवणाऱ्यांत हजाराहून अधिक कैदी होते. नारिंगी कपड्यांतले. पाळी चोवीस तासांची. तेव्हाचा दर दिवसाला 5.80 ते 10.24 डॉलर, आगीवर असताना तासाला वर एक डॉलर. त्या एका डॉलरहून तुमची लाटे कॉफी कितीतरी महाग पडते. ह्याच ग्रुपवर त्यांचे फोटो फिरले होते, खाली हात जोडल्याच्या इमोजींची रांग. 'रिअल हीरोज' लिहिणाऱ्या ताईंची सही आत्ताच्या याचिकेत वरून तिसरी आहे! बरं, हाच हीरो सुटल्यावर फायर ब्रिगेडमध्ये जाऊ म्हणाला, तर गुन्ह्याची नोंद आडवी, कारण तिच्यापायी वैद्यकीय मदतनिसाचं लायसन्स अडायचं. 2020 मध्ये कायदा झाला, आता कोर्टात अर्ज करून नोंद पुसून मागता येते. अर्ज करा, तारखा घ्या, न्यायाधीशाची मर्जी सांभाळा. आग विझवताना कुणी अर्ज मागितला होता का हो? आणि त्या वणव्यांच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, कैद्यांना सक्तीने राबवणं बंद करावं का असं मतपत्रिकेवर विचारलं, तेव्हा ह्याच पुरोगामी कॅलिफोर्नियाने नाही म्हटलं.

नोकरी देऊ नका. घर देऊ नका. हे तुम्हाला जमतंच.

एवढं केलंत की फळ मिळतंच. 2005 मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्यांचा सरकारने मागोवा घेतला, नऊ वर्षांत 83 टक्के पुन्हा एकदा तरी पकडले गेले. मग आपण म्हणायचं, "बघा, सांगितलं नव्हतं? ही माणसं सुधारत नाहीत."

आता सरळच बोलते. घरांच्या किमती पडतील ही तुमची खरी भीती आहे, मुलींना पुढे करू नका. कॅलिफोर्नियात एक कैदी वर्षभर ठेवायला सव्वा लाख डॉलरच्या वर खर्च येतो, आणि तो तुमच्याच करातून जातो. त्यावर कधी एक सही केली नाहीत. सहा खाटांचं घर आलं, त्यात रात्री ठरल्या वेळी परतायचा नियम, तपासायला माणूस, तर लगेच लोकशाही आठवली. "इथेच कशाला?" म्हणता. कारण पॅरोलवर, म्हणजे देखरेखीखाली, सुटलेल्याला सहसा त्याच्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, परत पाठवतात. तो कुठून बाहेरून येत नाहीये. त्याची शाळा इथली, त्याची आई इथे राहते, आणि तुम्ही-मी एच-वन व्हिसा घेऊन उतरलो त्याच्या कितीतरी आधीपासून राहते. निदान ती याचिका नीट वाचून तरी सही करायचीत. त्यात घराचा पत्तासुद्धा चुकीचा आहे.