चार हजारांतला ‘६४ मेगापिक्सेल’ कॅमेरा: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

आमच्या जळगाव-धुळे भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: प्रवासासाठी महागडा फोन घेऊ नका, चार हजार रुपयांत खिशात मावणारा स्लिम डिजिटल कॅमेरा मिळतो, त्यात ६४ मेगापिक्सेल आणि १६ पट झूम असतो, रात्रीचे फोटो तो फोनपेक्षा चांगले काढतो, आणि नवा घ्यायचा नसेल, तर जुना सीसीडी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, सीसीडी हा तिचा जुना प्रकार) कोणताही कॅमेरा घ्या, त्याचे रंग फिल्मसारखे येतात. माझ्या ताईने याच संदेशावर भरवसा ठेवून सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेआधी असा एक कॅमेरा ऑनलाइन मागवला आणि तिचे पैसे वाया गेले. स्लिम कॅमेऱ्याला माझा विरोध अजिबात नाही. असा एक कॅमेरा बारा वर्षे माझ्या खिशात आहे आणि तो मला प्रिय आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला दावा ६४ मेगापिक्सेलचा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. या स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर बहुतेक वेळा खोक्यावरच्या आकड्याच्या कितीतरी कमी क्षमतेचा असतो. कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने नवे ठिपके भरते आणि चित्र फुगवते. त्यामुळे फाइल मोठी होते, पण तपशील होता तेवढाच राहतो. याची परीक्षा घरीच करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एकच फोटो सर्वांत मोठ्या आणि मध्यम आकारात काढावा, संगणकावर दोन्ही सारखेच मोठे करून पाहावेत, आणि तिथीची बारीक अक्षरे दोन्हींत सारखीच वाचता येत असतील, किंवा सारखीच वाचता येत नसतील, तर वरचे मेगापिक्सेल निव्वळ भरतीचे आहेत असे समजावे. मुळात एवढ्या आकड्याची गरजही नसते. चार बाय सहा इंचांचा सुबक फोटो छापायला, इंचाला ३०० ठिपके धरले, तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात. ए-फोर आकारालाही नव्वद लाखांच्या आत काम होते.

खरी फसगत १६ पट झूममध्ये आहे. या कॅमेऱ्यांचे भिंग पुढे सरकत नाही, ते जागच्या जागी स्थिर असते. झूम म्हणून जे दाखवले जाते ते चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे असते. सोळा पट मोठे करायचे, तर रुंदीचा सोळावा आणि उंचीचा सोळावा भाग ठेवावा लागतो, म्हणजे एकूण चित्राचा २५६वा भाग. खोक्यावरचे ६४ मेगापिक्सेल अक्षरशः खरे मानले, तरी हाती अडीच लाख ठिपके उरतात, जे चार बाय सहाच्या छपाईलाही पुरत नाहीत. ताईने सारंगखेड्याच्या तापीकाठच्या घोडेबाजारात एका पांढऱ्या घोड्याचा असा फोटो काढला होता. संगणकावर उघडला तेव्हा आयाळीचे केस वेगळे दिसेनात, पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या पेळूसारखा एक पट्टा दिसत होता, आणि डोळ्याच्या जागी चौकोनी कडांचा काळा डाग होता.

याउलट ज्या कॅमेऱ्यात सुरू करताच भिंगांची नळी बाहेर येते, त्याचा झूम खरा, म्हणजे भिंगाने होणारा ‘ऑप्टिकल’, असतो. २०१६ साली आलेल्या कॅनन इक्सस २८५ एचएसचे उदाहरण घेऊ. त्याचे वजन दीडशे ग्रॅमच्या आत, मेगापिक्सेल २०.२, पण ऑप्टिकल झूम १२ पट. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून वरचा बुरूज चौकटीत घेणे अशाच भिंगाने साधते. साध्या फोनला ते जमत नाही, आणि स्लिम कॅमेरा घेण्याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे.

रात्रीच्या फोटोंचा दावा तर उलटाच आहे. चांगल्या स्लिम कॅमेऱ्याचाही सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा असतो. आजच्या मध्यम किमतीच्या अनेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. शिवाय फोनच्या एफ १.८ च्या (हा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे) भिंगातून या कॅमेऱ्यांच्या एफ ३.३ च्या भिंगापेक्षा तिपटीहून अधिक प्रकाश आत येतो, आणि फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी मंदिराच्या दगडी सभामंडपात, दिवसाढवळ्याही, फोनच सरस ठरतो.

कॅमेऱ्याची जमेची बाजू म्हणजे झेनॉन फ्लॅश. तो क्षणार्धात लखलखतो, त्यामुळे वरातीत नाचणारी माणसे तीन मीटरच्या आत असली तर स्वच्छ टिपली जातात. चार हजारी कॅमेऱ्यांत बहुधा साधा एलईडी दिवा असतो, त्याने हे होत नाही. मात्र खऱ्या फ्लॅशचीही एक मर्यादा सांगायला हवी. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजली जात असतात, आणि अशा वेळी फ्लॅश मारला की समोरचा धूरच उजळून निघतो. स्लिम कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असल्यामुळे हा दोष अधिक जाणवतो. तिथे फ्लॅश बंद करून जाळाच्या उजेडातच फोटो घ्यावा. चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेली) छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना प्रकाशाची दिशा किती काम करते हे वेगळे सांगायला नको.

सीसीडीविषयी थोडक्यात. रंग ठरतो तो सेन्सरवरच्या रंगीत गाळणीने आणि कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेने; सीसीडी असो वा सीमॉस (आजचा प्रचलित सेन्सर), दोन्हींत हेच घडते. काही जुन्या कॅमेऱ्यांचे रंग मलाही आवडतात, पण ती त्या त्या निर्मात्याची निवड होती. सीसीडीत सूर्य चौकटीत आला की व्हिडिओवर उभा पांढरा पट्टा येतो, हे मात्र संदेशात कुठेच नाही.

‘जुना कोणताही घ्या’ हा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांना फोटो साठवायला एक्सडी नावाचे कार्ड लागते, जे आता बनत नाही. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड वाचत नाहीत. आपल्याकडच्या धुळीचे कण नळीत शिरले असतील, तर झूम करताना खरखर ऐकू येते, आणि असा कॅमेरा कधी अडकेल याचा नेम नसतो. बॅटरी फुगलेली नाही ना हे झाकण उघडून पाहावे, कारण हे कॅमेरे साधारण ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो.

ताईने पुढे एका दुकानातून आठ पट ऑप्टिकल झूमचा जुना सोनी साडेतीन हजारांत घेतला. घेण्यापूर्वी काउंटरवरच दहा वेळा झूम आत-बाहेर केला, भिंतीचा फोटो काढून त्यावर धुळीचे डाग दिसतात का ते तपासले, आणि स्वतःचे कार्ड घालून पाहिले. पुढच्या दत्तजयंतीला काढलेल्या फोटोत घोड्याच्या लगामावरचे गोंडे मोजता येतात.