गणपतआबा दोनदा हरले होते, ते पण सांगा ना

आबांच्या फोटोखालचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. सांगोल्याचे (जि. सोलापूर) गणपतराव देशमुख, सलग ११ वेळा आमदार, आयुष्यात एकदाही पराभव नाही, मंत्रिपद कधी घेतलं नाही, देशात असा विक्रम दुसऱ्या कुणाचाच नाही. मला पण आबांबद्दल प्रचंड आदर आहे आणि म्हणूनच हे वाचून त्रास होतो.

पहिलं म्हणजे ११ हा आकडा बरोबर आहे, पण सलग नाही. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९६७ ला परत, आणि १९७२ ला चक्क हरले. नंतर १९७४ ला पोटनिवडणूक लागली त्यात जिंकले, मग १९७८, ८०, ८५, ९० अशी ओळीनं आमदारकी, आणि १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी हरवलं. तेव्हा आबांचं वय ६८. त्या वयात पडलेला माणूस घरी बसतो हो, आबा ९९ ला परत निवडून आले आणि त्यानंतर २००४, २००९, २०१४ पण काढलं, शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा ८८ वर्षांचे होते. मेसेजवाल्यांनी हे पराभव खोडले की ९५ ते ९९ ची ती चार वर्षंच गायब होतात, आणि मला विचाराल तर आबा समजून घ्यायचे तर तीच बघायला पाहिजेत.

मंत्रिपदाचं तर साफ चुकीचं आहे. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारमध्ये, दोनदा मंत्री होते.

देशातला विक्रम म्हणाल तर करुणानिधी १३ वेळा आमदार झाले, आणि केरळचे के. एम. मणी तर पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा.

एसटीनं फिरायचे हे मात्र खरंय. पण लोक तेवढंच धरून बसतात, एसटी आणि साधे कपडे, काम काय केलं ते कुणी लिहीतच नाही. सांगोला म्हणजे पक्का दुष्काळी तालुका, तिथं सहकारी सूतगिरणी उभी केली, स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर दुष्काळी भागाला पाणी मागणाऱ्या आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले, आणि हे सगळं शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) राहून, पक्ष दिवसेंदिवस लहान होत चाललेला असताना. २०१४ ला शेकापचे अख्ख्या विधानसभेत तीन आमदार होते, त्यातले एक आबा. सत्तेतल्या पक्षात गेले असते तर किती सोपं झालं असतं, गेले नाहीत.

तर कुणाकडं तो मेसेज आला असेल तर पुढं पाठवताना 'सलग' आणि 'एकदाही पराभव नाही' एवढं तरी काढा आणि १९७२, १९९५ लिहा.